अडलेलें मळसूत्र

उन्हाळ्याच्या सुटींत घरीं शेवयांचें यंत्र निघालें, कीं त्याची मूठ फिरविण्याच्या मानासाठीं भावंडांत भांडण जुंपतें. स्टुलाला घट्ट आवळून बसविलेल्या त्या यंत्राच्या तोंडांत मळलेल्या पिठाचे गोळे टाकावे, मूठ फिरवावी, आणि पुढच्या भोंकांतून शेवया लोंबूं लागाव्या, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु त्या यंत्राच्या पोटांत काय फिरतें, हें फार थोड्यांनीं न्याहाळलें असेल. तेथें एक आडवा लोखंडी दांडा असतो, व त्या दांड्याभोंवतीं चक्री जिन्यासारखी वळत गेलेली एक पाती असते. हेंच मळसूत्र. पीठ फार घट्ट झालें म्हणजे मूठ जागच्या जागीं अडते, आणि मग घरांतील सर्वांत दांडगा मुलगा पुढें होऊन म्हणतो, "सरका, मी फिरवितों." त्या दांडग्या मुलासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों, कारण एकदां आम्हींही वय विसरून तसेंच केलें, आणि त्यांतून कांहीं शिकलों.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही अमेरिकेतील ऑरेगन राज्यांत आमच्या धाकट्या बंधूंच्या घरीं कांहीं दिवस राहिलों होतों. रविवारीं दुपारीं पंधरा-वीस मंडळी जेवावयास यावयाचीं होतीं, व त्यांच्यासाठीं परसांतील शेगडीवर कोंबड्या भाजावयाच्या होत्या. शनिवारीं सायंकाळीं बंधूंनीं शेगडी लावून पाहिली. पंखा घोंगावूं लागला, पण विस्तव कांहीं पेटेना. आणि शेगडीच्या पोटांतून गुरगुरल्यासारखा एक दबलेला आवाज मात्र येऊं लागला. हें काय झालें, तें समजण्यासाठीं प्रथम ह्या शेगडीची रचना पाहिली पाहिजे.

हिला पेलेट ग्रिल म्हणतात. हिचें सरपण म्हणजे भुशाच्या लहान लहान कांड्या; ह्यांचेंच नांव पेलेट. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत जो भुसा पडतो, तो वाळवून व बारीक करून पोलादी साच्याच्या भोंकांतून प्रचंड दाबानें रेटतात. दाबानें व घर्षणानें तो तापतो. लाकडांत लिग्निन नांवाचें एक नैसर्गिक द्रव्य असतें, तें उष्णतेनें मऊ होतें आणि निवल्यावर पुन्हां घट्ट होऊन भुशाचे कण एकमेकांस धरून ठेवतें. अशी कांडी सुमारें ६ मिलिमीटर जाड असते, आणि चांगल्या प्रतीच्या कांडींत पाण्याचा अंश शेंकडा १० हून अधिक नसतो. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा त्याच्यावरच अवलंबून आहे.

अशा कांड्या जाळून घर ऊबदार ठेवण्याची युक्ति अमेरिकेच्या वायव्येकडील जंगलांच्या प्रदेशांत रूढ झाली. १९७० नंतरच्या दशकांत खनिज तेल महागलें, व गिरण्यांच्या आवारांत भुशाचे ढीग तर पडून होतेच. पुढें ऑरेगनमधील माउंट एंजल ह्या लहानशा गांवच्या जो ट्रेगर ह्यांनीं तीच युक्ति स्वयंपाकाकडे वळविली. १९८५ सालीं त्यांची पहिली शेगडी तयार झाली, व १९८६ सालीं तिचें पेटंट त्यांना मिळालें. त्या पेटंटची मुदत सरल्यावर इतर अनेक कारखानेही अशा शेगड्या करूं लागले.

शेगडीच्या एका अंगास कांड्यांची कोठी असते. कोठीच्या तळाशीं एक आडवी नळी असते, व त्या नळींत मळसूत्र. ह्या मळसूत्रास तिकडे ऑगर असें नांव आहे. त्याच्या मागच्या टोकास विजेची मोटर जोडलेली असते. पुढचें टोक शेगडीच्या मध्यभागीं असलेल्या, मोठ्या पेल्याएवढ्या, लोखंडी भांड्यापाशीं उघडतें. मळसूत्र फिरलें कीं कांड्या पुढें सरकत जाऊन एक एक करून ह्या भांड्यांत पडतात. भांड्यांत विजेनें लाल होणारी एक सळई असते, ती त्यांना पेटविते. आणि पंखा त्यांना वारा घालतो. शेगडींत उष्णतामापक बसविलेला असतो. आंच कमी झाली कीं मळसूत्र अधिक वेळ फिरतें, आंच वाढली कीं तें अधिक वेळ थांबतें. म्हणजे आपल्या घरीं चुलीपाशीं बसून आई जें लांकूड पुढें-मागें सारते, तेंच काम येथें मळसूत्र करतें.

मळसूत्राची मोटर लहान असते, पण तिला दांत्यांचीं चाकें जोडून तिची गति अतिशय कमी केलेली असते. पुष्कळ शेगड्यांत मळसूत्र मिनिटास सुमारें दोनच फेरे घेतें. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकलों आहों, कीं गति सोडली म्हणजे तिच्या बदल्यांत जोर मिळतो. तेव्हां ही मोटर दिसावयास मुठीएवढी असली, तरी तिचा पीळ मोठा असतो. तिच्यापासून बोटें दूर ठेवावीं, व नळींत हात घालण्यापूर्वीं विजेचा प्लग भिंतींतून काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं.

आतां शनिवारच्या सायंकाळकडे वळूं. विस्तव पेटत नाहीं ह्याचीं कारणें अनेक असूं शकतात, म्हणून हत्यार उचलण्यापूर्वीं रोगाची परीक्षा करावी. कोठींत वर कांड्या दिसत असून खालीं पोकळी झालेली असेल, तर दोष मळसूत्राचा नव्हे. कांड्या एकमेकींवर टेंकून विहिरीच्या कमानीसारख्या अडकून बसतात. काठीनें ढवळलें कीं त्या खालीं येतात. मोटरीचा कांहींच आवाज नसेल, तर वीज तिच्यापर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. मोटर फिरत असून मळसूत्र स्थिर असेल, तर दोहोंमधील सांधा तुटलेला आहे. आणि मोटर गुरगुरते, किंचित् हालते व पुन्हां मागें येते, अशी स्थिति असेल, तर मळसूत्र अडलेलें आहे. आमच्यापुढें हा चौथा प्रकार होता.

कोठी उघडून पाहतां कारण लगेच दिसलें. ऑरेगनच्या पश्चिम भागांत आपल्याप्रमाणें जून महिन्यांत पाऊस येत नाहीं. तेथें तो मुख्यतः शरद् ऋतूपासून वसंतापर्यंत, सबंध हिंवाळाभर, पडत असतो. बंधूंनीं ऑक्टोबरांत शेवटची कोंबडी भाजून शेगडी तशीच परसांत ठेवली होती, व कोठींत अर्ध्याहून अधिक कांड्या होत्या. झांकण होतें, पण दमट हवेला झांकण काय अडविणार? ज्या कांड्या हिंवाळ्यापूर्वीं गुळगुळीत व चकचकीत होत्या, त्या आतां फुगून निस्तेज झाल्या होत्या, आणि तळाशीं तर ओलसर भुशाचा नुसता लगदा होता.

वाळलेली कांडी नळींत सहज घरंगळते. ओलावा शिरला कीं लाकडाचे तंतू फुगतात, कांडी जाड होते व शेवटीं फुटून तिचा भुसा होतो. मोकळ्या जागेंत हें घडलें असतें तर कांहींच बिघडलें नसतें. परंतु नळीच्या आंत फुगावयास जागा नाहीं. भुसा एका अंगानें नळीस व दुसऱ्या अंगानें मळसूत्राच्या पातीस चिकटतो, आणि वाळला म्हणजे दगडासारखा होतो. त्यानंतर मोटर सुरू केली, तर ती त्या दगडास अधिकच ठांसते.

येथें आमची चूक झाली. बंधू म्हणाले, "दादा, जरा जोर लावला कीं सुटेल." आम्ही गेलीं वीस वर्षें विज्ञान शिकवीत आलों आहों, तरी आम्हींही मान डोलविली. प्लग काढला, मागील पत्रा उघडला, दांड्यावर मोठा पाना लावला, पान्याच्या मुठींत लोखंडी नळी घालून ती हातभर लांब केली, आणि दोघांनीं मिळून दाबली. कट्ट असा आवाज झाला व पाना एकदम सैल पडला. क्षणभर आम्हांस वाटलें, सुटलें! परंतु सुटलें नव्हतें, तुटलें होतें. मोटर व मळसूत्र ह्यांना जोडणारी लहानशी खीळ मधोमध कातरली जाऊन तिचे दोन तुकडे झाले होते.

बंधूंना मोठा विषाद वाटला. रात्र पडत आली होती, दुकानें बंद होण्याच्या बेतांत होतीं. त्यांनीं हत्यारांच्या पेटींतून त्याच जाडीचा एक पोलादी बोल्ट शोधून काढला व म्हणाले, "हा घालूं. हा कांहीं मोडावयाचा नाहीं." तेव्हां शेजारीं दिवा धरून उभा असलेला आमचा बारा वर्षांचा पुतण्या विचारता झाला, "काका, यंत्र करणारांनाही पोलाद मिळालें असतेंच ना? मग त्यांनीं मुद्दाम अशी मऊ खीळ कां घातली?"

ह्या प्रश्नानें आम्ही भानावर आलों. त्याला आम्हीं जें उत्तर दिलें तें असें: मळसूत्र अडलें असतां जोर कोणीही लावो, मोटर लावो कीं माणूस लावो, तो जोर कोठेंतरी जाणारच. भुसा हलत नाहीं, म्हणून तो जोर सांखळींतील सर्वांत दुबळ्या दुव्यावर येऊन पडतो. सर्व दुवे सारखेच बळकट केले, तर मोटरीच्या चाकांचे दांते तरी मोडतील, नाहीं तर दांडा तरी वांकेल. म्हणून यंत्र करणारानें विचारपूर्वक एक जागा दुबळी ठेविली, व ती अशी निवडली कीं मोडली तर थोड्या पैशांत व थोड्या वेळांत बदलतां यावी. घरांतील विजेच्या फ्यूजची तार ह्याच न्यायानें वितळते. ह्या खिळीस शिअर पिन म्हणजे कातरली जाणारी पिन असेंच म्हणतात. तिच्या जागीं बळकट बोल्ट घालणें म्हणजे फ्यूजच्या जागीं जाड तार घालण्यासारखें आहे. बंधूंनीं बोल्ट पेटींत परत ठेवला.

त्यानंतर आम्ही खालीं बसलों, व दुरुस्ती जशी आरंभीं करावयास हवी होती तशी क्रमानें केली. प्रथम कोठींतील सर्व कांड्या वाटीनें उपसून काढल्या. शेगडींतील जाळी, चरबी वाहून नेणारा पत्रा व उष्णता पसरविणारा पत्रा काढले, आणि विस्तवाच्या भांड्यांतील राख व न जळलेल्या कांड्या स्वच्छ केल्या. नंतर नळीच्या त्या बाजूच्या तोंडांतून लाकडी काठीनें जेवढा भुसा टोकरून निघेल तेवढा काढला. पाणी मुळींच घातलें नाहीं, कारण पाण्यानेंच हा घोटाळा केला होता. तेलही घातलें नाहीं, कारण तेथें पुढें विस्तव यावयाचा होता. मग खिळीचे तुकडे काढून मोटर बाजूस केली.

आतां मुख्य भाग आला. नळीच्या मागील तोंडाशीं दांड्यास आधार देणारें एक बुश असतें, व तें स्क्रूनें नळीस जखडलेलें असतें. हें बुश दांड्यास फिरूं देतें, परंतु पुढें-मागें सरकूं देत नाहीं. ह्याचें मर्म नट-बोल्टाच्या दृष्टान्तानें स्पष्ट होतें. बोल्ट जागच्या जागीं धरून फिरविला, तर त्यावरील न फिरणारा नट पुढें सरकतो. नट धरून ठेविला, तर तोच बोल्ट फिरतां फिरतां उलट बाजूस बाहेर येतो. शेगडी नीट चालत असतां मळसूत्र हा बोल्ट असून तो बुशानें धरलेला आहे. कांड्या हा नट असून तो पुढें सरकतो. मळसूत्र अडतें, तेव्हां भुशाचा नट नळीस चिकटून बसलेला असतो. नटही धरलेला व बोल्टही धरलेला! मग दोन माणसांनीं पाना दाबला काय आणि दहा माणसांनीं दाबला काय, मोडण्यावांचून दुसरें काय होणार?

म्हणून बुशाचा स्क्रू काढला, व बोल्टास मागें येण्याची वाट करून दिली. दांड्यास पाना लावून प्रथम त्याला अगदीं थोडा, अंगठ्याच्या रुंदीएवढा, एकदां ह्या बाजूस व एकदां त्या बाजूस असा हालविला. पंधरा-वीस मिनिटें कांहींच फरक दिसेना. मग आंतून बारीक करकर ऐकूं आली, व भुशाची पकड सुटूं लागली. त्यानंतर शेगडी चालू असतांना मळसूत्र ज्या दिशेनें फिरतें, त्याच दिशेनें तें हळूहळू फिरवीत राहिलों. ती दिशा पुतण्यानें आधींच पत्र्यावर खडूनें बाण काढून ठेविली होती. जें मळसूत्र एरव्हीं कांड्यांना पुढें लोटी, तेंच आतां न हलणाऱ्या भुशाला रेटा देऊन स्वतः मागें येऊं लागलें. न्यूटनचा तिसरा नियम आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिला असेल, परंतु तो आपल्या हातांत असा फिरतांना त्या रात्रींच पाहिला. साडेनऊच्या सुमारास संबंध मळसूत्र बाहेर आलें, त्याच्या वळणांत भुसा विटेसारखा बसलेला होता.

पुढील काम सोपें होतें. मळसूत्र बोथट सुरीनें खरवडलें, गंज आला होता तेथें कानशी कागदानें घासलें, आणि सपाट मेजावर लोळवून पाहिलें. दांडा वांकलेला असता, तर तो लोळतांना अडखळला असता, व मग नवाच आणावा लागला असता. आमचा सरळ होता. नळी काठीला फडकें गुंडाळून आंतून पुसली. रविवारीं सकाळीं बंधूंनीं दुकानांतून नेमकी त्याच जातीची व त्याच मापाची खीळ आणली, आणि उलट्या क्रमानें सर्व भाग बसविले. मळसूत्र प्रथम रिकामेंच फिरवून पाहिलें, मग मूठभर कोरड्या कांड्या घालून त्या भांड्यांत पडतात कीं नाहीं तें पाहिलें.

ह्या ठिकाणीं एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. पेटविण्याचा प्रयत्न एकदां फसला, म्हणजे भांड्यांत न जळलेल्या कांड्यांचा ढीग सांचतो. तशाच ढिगावर पुन्हां सळई तापविली, तर तो धुमसत राहतो, झांकणाखालीं दाट धूर कोंडतो, आणि तो धूर एकदम पेट घेऊन भडका उडूं शकतो. म्हणून दरवेळीं भांडें रिकामें करावें, झांकण उघडें ठेवून पेटवावें, व तोंड दूर धरावें. त्याचप्रमाणें स्वयंपाक संपल्यावर प्लग उपटून शेगडी विझवूं नये. भांड्यांतील निखारे तसेच राहिले व पंखा थांबला, तर विस्तव नळींतील कांड्यांना धरीत धरीत मागें कोठीपर्यंत जाऊं शकतो. शेगडी रीतीप्रमाणें बंद केली, म्हणजे मळसूत्र थांबतें व पंखा कांहीं मिनिटें चालू राहून उरलेल्या कांड्या जाळून टाकतो. ह्या चार मिनिटांची घाई करणारानें घराची भिंत धोक्यांत घातली असें समजावें.

ही दुरुस्ती करण्याची वेळच येऊं नये, ह्यासाठीं करावयाचें तें थोडकेंच आहे. शेगडी पुष्कळ दिवस लावावयाची नसेल, तर कोठी व नळी रिकामी करावी. कांड्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या, जसे आपण पावसाळ्यांत पापड ठेवतों. वापरण्यापूर्वीं एक कांडी बोटांनीं मोडून पाहावी. कोरडी कांडी कट्कन मोडते; ओली वांकते किंवा चुरगळते, आणि ती पुन्हां वाळविली तरी पूर्ववत् होत नाहीं. डब्याच्या तळाशीं सांचलेला भुसा चाळून टाकावा.

रविवारीं कोंबड्या वेळेवर भाजल्या गेल्या. पाहुण्यांस आदल्या रात्रीचा वृत्तांत आमच्या भावजयीनें सांगितला, व आम्हां दोघां भावांची पुरेशी थट्टा झाली. तुटलेल्या खिळीचे दोन तुकडे पुतण्यानें आपल्या कंपासपेटींत जपून ठेविले आहेत.

आतां आमच्या दांडग्या मित्रास थोडेंसें. येत्या उन्हाळ्यांत शेवयांच्या यंत्राची मूठ अडेल, तेव्हां बाह्या सरसावण्यापूर्वीं तूं यंत्राच्या पुढचें कडें फिरवून काढ, जाळी बाजूला कर, व आंत पीठ कोठें सुकून बसलें आहे तें पाहा. त्याला जाण्यास वाट करून दे. मग मूठ तुझ्या धाकट्या बहिणीच्या हातींही फिरेल. आणि आई पिठाला पाण्याचा एक हात लावील, तर ती पुन्हां अडणारही नाहीं.